सेक्स्टंट चुकतोय की आपण? स्क्रू फिरवण्याआधी सूर्याकडून करून घ्यायची तपासणी

"सेक्स्टंट बिघडलाय, जरा बघता का?" ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. (सेक्स्टंट म्हणजे सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती कोनावर आहे ते मोजून समुद्रावर आपली जागा काढायचं दोन आरशांचं उपकरण.) कधी सुट्टीवर आलेला जहाजाचा थर्ड ऑफिसर घेऊन येतो, कधी परीक्षेच्या तयारीला लागलेली कॅडेट, आणि हल्ली यॉटवाले हौशी लोकही येतात. अभिलाष टॉमींनी 2022-23च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसशिवाय जगप्रदक्षिणा करून दुसरा क्रमांक पटकावला, त्यानंतर तर जास्तच. पेटी उघडली की बहुतेक वेळा दिसतं ते असं: उपकरण मुळात ठीक होतं, कुणीतरी आरशामागचे स्क्रू आधी फिरवले आणि विचार नंतर केला.

म्हणून पुढचा क्रम लिहून ठेवतोय. फुकटच्या तपासण्या आधी, वेळखाऊ नंतर, आणि स्क्रू जवळपास शेवटी. "मिनिट" म्हटलं की कोनाचं मिनिट समजा. वेळेचं असेल तिथे तसं सांगतो. उंचीतलं एक मिनिट चुकलं की जागा एक सागरी मैल चुकते. भागांची नावंही सांगून ठेवतो: आर्क म्हणजे अंशांच्या खुणांची कमान, आर्म म्हणजे तिच्यावरून सरकणारा, इंडेक्स आरसा धरणारा दांडा, ड्रम म्हणजे आर्म बारीक सरकवणारी आणि मिनिटं दाखवणारी चकती, होरायझन आरसा म्हणजे फ्रेमवरचा दुसरा, अर्धा पारदर्शक आरसा, आणि शेड म्हणजे सूर्यासाठीच्या गडद काचा.

लक्षणं

आपलं लक्षण यातलं कुठलं, ते आधी ठरवा. "चुकतोय" एवढ्यावर काहीच करता येत नाही.

- सूर्याची प्रत्येक साइट (क्षितिजापासून मोजलेली कोनातली उंची आणि तिच्यावरून काढलेली जागा) जीपीएसच्या जागेपासून दोन-चार मैल हुकते, आणि दर वेळी एकाच बाजूला: कायम टुवर्ड (सूर्याच्या बाजूला), नाहीतर कायम अवे (सूर्यापासून लांब).
- सकाळी टुवर्ड, दुपारनंतर अवे (किंवा उलट), आणि मध्यान्हाची साइट मात्र चोख.
- सूर्य खाली असताना ठीक. जसजसा वर चढतो तशी चूक वाढते.
- इंडेक्स एरर (शून्य यायला हवं तिथे उपकरण दाखवतं ते वाचन) दर वेळी वेगळा येतो.
- शून्यावर ठेवून ड्रम मागेपुढे केला की परावर्तित सूर्य थेट सूर्यावरून न जाता बाजूने सरकतो.
- जूनमध्ये सगळं बरोबर होतं, सप्टेंबरमध्ये अचानक पाच-सहा मिनिटांची चूक.

शेवटचं लक्षण वाचून हसू नका. ते खरंच येतं, आणि त्याचा सेक्स्टंटशी काडीचा संबंध नसतो.

डोळे आधी

इंडेक्स एरर काढताना सूर्य दोन वाटांनी डोळ्यात येतो: एक इंडेक्स आरशावरून, दुसरा होरायझन आरशाच्या पारदर्शक भागातून थेट. उंची घेताना थेट बाजूला क्षितिज असतं, म्हणून तिकडच्या शेडची सवय नसते, आणि नेमकी तीच लावायची राहते. दोन्ही बाजूंच्या गडद शेड लावल्याशिवाय दुर्बिणीला डोळा लावू नका. सर्वांत गडदपासून सुरुवात करा आणि अंधूक वाटलं तर एकेक कमी करा. उलट क्रमाने जाऊ नका.

1. कागद आणि घड्याळ

खर्च शून्य. अल्मनॅकचं (सूर्य-ताऱ्यांच्या रोजच्या जागा देणाऱ्या वार्षिक पुस्तकाचं) साल बघा. गेल्या वर्षीचा वापरला तर त्याच तारखेला सूर्य साधारण सहा तासांच्या फरकाने वेगळ्या जागी असतो. मार्च-सप्टेंबरमध्ये सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण कोनांतर) तासाला जवळजवळ एक मिनिट बदलते, म्हणजे सरळ सहा मिनिटांची चूक. लीप वर्षाची 29 फेब्रुवारी मध्ये आली तर त्याहून बरीच जास्त. जूनच्या अखेरीस क्रांती जवळपास स्थिर असते, तेव्हा तोच जुना अल्मनॅक निमूट खपून जातो. झालं जून-सप्टेंबरच्या कोड्याचं उत्तर.

मग वेळ. सूर्य वेळेच्या चार सेकंदांत एक मिनिट रेखांश कापतो. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य बरोबर पूर्वेला असेल तर उंची वेळेच्या एका मिनिटात चौदा मिनिटांनी वाढते. घड्याळ आठ सेकंद मागे असेल तर सकाळी जवळजवळ दोन मैल टुवर्ड, दुपारनंतर तितकंच अवे, आणि मध्यान्हाला उंची क्षणभर थांबलेली असते म्हणून तिथे काहीच दिसत नाही. दुसऱ्या लक्षणाचं उत्तर बहुधा इथेच मिळतं. चूक सकाळ-दुपार चिन्ह बदलत असेल तर सेक्स्टंट पेटीत ठेवा आणि घड्याळ धरा. आरसे काही जेवणाआधी आणि जेवणानंतर वेगळं वागत नाहीत.

2. क्षितिज आणि डोळ्याची उंची

डिप म्हणजे डोळा पाण्यापासून वर असल्याने क्षितिज जितकं खाली दिसतं तो, वाचनातून वजा करायचा कोन: 1.76 गुणिले डोळ्याच्या उंचीचं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये. ब्रिज (जहाज चालवायची वरची खोली) पाण्यापासून 18 मीटरवर असेल तर 7.5 मिनिटं, 25 मीटरवर 8.8. भरलेलं जहाज रिकामं झालं की एवढा फरक सहज पडतो. भरलेल्या जहाजाचा आकडा कुणीतरी चार्टरूममध्ये चिकटवून ठेवलेला असतो, आणि बॅलास्टमध्येही (मालाऐवजी तोलाचं पाणी भरलेलं असताना) तोच लावला जातो. मग प्रत्येक साइट सव्वा मैल टुवर्ड. "कायम एकाच बाजूला" या तक्रारीत मी हे आधी विचारतो, कारण ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडलंय ते) बघायला अर्धं मिनिटही लागत नाही.

किनाऱ्यावरून सराव करणाऱ्यांसाठी याचीच दुसरी बाजू. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून दुपारनंतरचा सूर्य घेता येतो, पण उधाणाच्या दिवशी मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त हलतं. भरतीला डोळा पाण्यापासून 4 मीटरवर असेल तर डिप 3.5, ओहोटीला तोच 8 मीटरवर, म्हणजे 5.0. कठडा तोच, माणूस तोच, चूक दीड मिनिट. भरती-ओहोटीचं कोष्टक खिशात ठेवा.

क्षितिज धुरकट असेल तर जे दिसतं ते खरं क्षितिज नसतं, अलीकडचीच कुठली तरी रेघ असते. अशा वेळी ब्रिज विंगवरून (ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावरून) उतरून खालच्या डेकवर जा. डोळा खाली आला की क्षितिज जवळ येतं आणि धूसरपणा कमी आड येतो. तांबडा समुद्र आणि पर्शियन आखातात हवा आणि पाण्याच्या तापमानातल्या फरकामुळे डिपचं कोष्टकच फसतं. तिथल्या साइटवरून उपकरणाची परीक्षा करू नये.

3. उपकरण जागेवर येऊ द्या

एसी ब्रिजमधून सेक्स्टंट थेट दमट विंगवर नेला की आरशांवर वाफ धरते. ती बोटाने किंवा शर्टाच्या टोकाने पुसणारे लोक आहेत, म्हणूनच आरशांवर इतके ओरखडे दिसतात. दहा-पंधरा मिनिटं सावलीत बाहेर ठेवा, वाफ आपोआप जाते. प्लास्टिकच्या सेक्स्टंटला तर हे पथ्य पाळावंच लागतं: उन्हात ठेवला की इंडेक्स एरर डोळ्यांदेखत सरकतो. तो वापरताना साइटच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा इंडेक्स एरर काढा.

मीठ दिसलं तर गोड्या पाण्यात ओला करून पिळलेला मऊ कपडा, मग कोरडा. आर्कवर पितळ चमकवायची पावडर लावू नका. त्यावरच्या रेघा जितक्या बारीक, तितक्याच त्या उथळ असतात.

4. सूर्यावरून इंडेक्स एरर

इथे थोडं थांबू, कारण बाकीचं बहुतेक यावर उभं आहे.

क्षितिजाच्या रेघेवरूनही इंडेक्स एरर निघतो, पण सूर्याची पद्धत चांगली, कारण ती तुमची चूक तुम्हालाच दाखवते. आर्म शून्याजवळ ठेवा, दोन्ही शेड लावा, सूर्याकडे बघा. दोन बिंब दिसतील. शेड वेगळ्या रंगांच्या असतील तर ओळखायला सोपी. एक बिंब दुसऱ्याला एका बाजूने नुसतं टेकवा आणि वाचा. मग दुसऱ्या बाजूने टेकवा आणि वाचा. एक वाचन ऑन द आर्क (शून्याच्या पुढे) येईल, दुसरं ऑफ (शून्याच्या मागे).

फेब्रुवारीच्या मध्यातलं उदाहरण घेऊ. ऑन बाजूला 34.2. ऑफ बाजूला ड्रमवर 29.4 दिसतं. शून्याच्या पलीकडे ड्रम उलटा वाचायचा असतो, म्हणजे 60 वजा 29.4, म्हणजे 30.6. दोन्हींची वजाबाकी 3.6, तिचं निम्मं 1.8: इंडेक्स एरर 1.8 ऑन, म्हणून प्रत्येक वाचनातून 1.8 वजा. ऑफ असता तर मिळवला असता. चिन्ह उलटं लागलं तर चूक दुप्पट होते, 3.6 मैल टुवर्ड. हा प्रकार इतका सर्रास आहे की "तीन-चार मैल, कायम एका बाजूला" ऐकलं की मी आधी वही मागतो.

आता पडताळा. दोन्ही वाचनांची बेरीज 64.8, भागिले चार, 16.2. ही सूर्याची अर्धव्यास-कोनाची किंमत अल्मनॅकच्या त्या दिवसाच्या आकड्याशी जुळायला हवी. वर्षभरात ती जुलैच्या सुरुवातीला 15.8 आणि जानेवारीच्या सुरुवातीला 16.3 यांच्यामध्ये फिरते. फेब्रुवारीच्या मध्यात 16.2 असते, म्हणजे जुळली.

समजा कुणी ड्रम उलटा वाचायला विसरलं आणि 29.4च घेतलं. मग इंडेक्स एरर 2.4 निघतो, आणि तो कागदावर अगदी खरा वाटतो. पण बेरीज 63.6, भागिले चार 15.9, आणि फेब्रुवारीत 15.9 असूच शकत नाही. चोर तिथेच सापडतो. अल्मनॅकशी 0.2च्या आत जुळत नसेल तर इंडेक्स एरर वापरू नका, पुन्हा घ्या.

एक अपवाद. झगझगीत सूर्य डोळ्याला खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणून काही जणांचा अर्धव्यास दर वेळी जरासा जास्त येतो. ती वाढ दोन्ही बाजूंना सारखी असल्याने वजाबाकीत उडून जाते. आणखी गडद शेड लावून बघा. उलट, अर्धव्यास कमी येत असेल तर सूर्य किती उंचीवर होता ते आठवा. क्षितिजाजवळ वक्रीभवनामुळे बिंब चपटं होतं. वीस अंशांच्या खाली असेल तर सेक्स्टंट आडवा धरून बिंबाची रुंदी मोजा.

तीन-चार जोड्या घ्या. स्थिर येणारा इंडेक्स एरर तीन मिनिटांच्या आत असेल तर तो वहीत लिहा, वापरा, आणि आरशाला हात लावू नका. माहीत असलेली चूक ही चूक राहत नाही, आणि शून्य करण्याच्या हव्यासापायी सैल झालेला आरसा पुढच्या प्रवासात रोज वेगळं सांगतो.

5. ड्रमचा ढिलेपणा

इंडेक्स एरर दर वेळी वेगळा येतो, त्यांच्यासाठी. वरचंच वाचन एकदा ड्रम नेहमी घड्याळाच्या दिशेने फिरवत घ्या, एकदा नेहमी उलट. दोन उत्तरांतला फरक म्हणजे वर्म (ड्रमला जोडलेला मळसूत्री दांडा) आणि आर्कच्या दातांमधला ढिलेपणा. कारण बहुधा घाण असते: दातांत मीठ, धूळ, सुकलेलं तेल. मऊ ब्रशने साफ करा, शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब द्या, आर्म टोकापासून टोकापर्यंत फिरवा, उरलेलं तेल पुसा. थोडा ढिलेपणा उरला तर शेवटचा स्पर्श कायम एकाच दिशेने करायची सवय लावा. दात झिजले असतील तर त्यावर घरी इलाज नाही.

6. शेड

शेडच्या काचेच्या दोन बाजू समांतर नसतील तर ती किरण किंचित वळवते. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला लावायची गडद टोपी पेटीत असेल तर तिच्यासह इंडेक्स एरर काढा. ती दोन्ही किरणांना सारखीच वळवते, म्हणून निर्दोष धरता येते. मग टोपी काढून नेहमीच्या शेडच्या जोड्या लावा. जी जोडी वेगळं उत्तर देते ती वहीत नोंदवा आणि शक्यतो टाळा. लावण्याआधी टोपीवर तडा नाही ना, तेवढं पाहा.

7. आरसे: क्रम चुकवू नका

इथून पुढे किल्ली हातात. आरसा एक मिनिट कलला की वाचन दोन मिनिटांनी हलतं. दुहेरी परावर्तनाची हीच किमया 60 अंशांच्या आर्कवर 120 अंश मोजू देते. तेव्हा स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी, आणि दर वेळी बघून.

आधी इंडेक्स आरसा फ्रेमच्या पातळीशी काटकोनात आहे का ते पाहा. आर्म 35 अंशांच्या आसपास ठेवा, सेक्स्टंट आडवा धरा, आर्क आपल्यापासून दूर. आरशात तिरकं बघून खरा आर्क आणि आरशातला आर्क एकसलग दिसतो का पाहा. पायरी दिसली तर त्या आरशामागचा एकच स्क्रू फिरवायचा.

मग साइड एरर, म्हणजे होरायझन आरसा काटकोनात नसणं. शून्यावर ठेवून ड्रम दोन्हीकडे थोडा फिरवा. परावर्तित सूर्य थेट सूर्यावरून नेमका वर-खाली जायला हवा. बाजूने जात असेल तर होरायझन आरशाचा फ्रेमपासून लांबचा स्क्रू. किंचित साइड एररने उंचीच्या वाचनात जाणवेल असा फरक पडत नाही, तेवढा मी मुद्दाम राहू देतो. इंडेक्स एररसाठी त्याच आरशाचा फ्रेमजवळचा स्क्रू. बहुतेक बनावटींत मांडणी अशीच असते, तरी आपल्या पुस्तिकेत बघून घ्या.

एकाच आरशावरचे हे दोन स्क्रू एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात: एक सुधारला की दुसरा बिघडतो. म्हणून आळीपाळीने, दर वेळी थोडं. हे माहीत नसलेला माणूस तासभर फिरवत बसतो आणि शेवटी स्क्रू टोकाला नेतो. झाल्यावर चौथी तपासणी नव्याने.

8. पूर्ण आर्कची परीक्षा

इतकं करूनही इंडेक्स एरर फक्त शून्याजवळची खबर देतो. पन्नास-साठ अंशांवर आर्क खरं बोलतो का, हे त्याला विचारून कळत नाही. त्यासाठी जमिनीवर, माहीत असलेल्या जागी, कृत्रिम क्षितिज वापरायचं. पूर्वी पारा वापरत. तो विषारी, त्याच्या वाटेला जाऊ नका. पसरट काळ्या थाळीत जुनं इंजिन ऑइल पुरतं, काकवीही चालते. वाऱ्याचा आडोसा हवा, एवढंच.

तेलातलं सूर्याचं प्रतिबिंब आणि आकाशातला सूर्य यांच्यातला कोन म्हणजे उंचीच्या दुप्पट. त्याला आधी इंडेक्स एरर लावा, मग निम्मं करा, मग अर्धव्यास, वक्रीभवन आणि सूर्याचं 0.1 मिनिटाचं पॅरॅलॅक्स (पृथ्वीच्या मध्याऐवजी पृष्ठभागावरून बघितल्याने पडणारा फरक). डिप नाही, कारण खरं क्षितिजच नाही. म्हणजे दुसऱ्या तपासणीतल्या सगळ्या शंका एका फटक्यात बाद. प्रत्येक उंचीला भराभर पाच वाचनं घ्या, आलेखावर मांडा, रेषेबाहेर पडलेलं सोडून द्या. अल्मनॅकवरून त्या क्षणाची उंची काढा आणि वजा करा.

महाराष्ट्रात यासाठी हिवाळा उत्तम. डिसेंबरअखेर मुंबईत मध्यान्हाचा सूर्य साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर, म्हणजे दुप्पट 95. सकाळी पंधरा अंशांपासून सुरुवात केली तर 30 ते 95 एवढा आर्क एका दिवसात तपासून होतो. मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी सूर्य मुंबईच्या डोक्यावरून जातो. त्या दिवसांत मध्यान्हाला दुप्पट कोन आर्कमध्ये मावतच नाही.

आता आकड्यांची तऱ्हा बघा. चूक सगळ्या उंचींना सारखी असेल तर इंडेक्स एरर पुन्हा काढा. सकाळ-दुपार चिन्ह बदलत असेल तर घड्याळ. वाचन नेहमी जास्त आणि उंचीबरोबर वाढतं असेल, तर आधी स्वतःवर संशय घ्या. समुद्रावर सेक्स्टंट झुलवून बिंबाचा सर्वांत खालचा बिंदू पकडला नाही तर वाचन जास्तच येतं, कधी कमी येत नाही. थाळीवरही दोन्ही बिंबांचा स्पर्श दृष्टिक्षेत्राच्या मधोमध हवा. हे सगळं नीट करूनही वाढ राहिली तर दुर्बीण फ्रेमला समांतर नाही, किंवा इंडेक्स आरसा काटकोनात नाही. कमी-जास्त कसंही, पण कोनाबरोबर संथपणे बदलत असेल तर आर्मचा मध्य आर्कच्या मध्याशी जुळत नसावा. झाकणातल्या प्रमाणपत्रावर कोनागणिक दुरुस्त्या छापलेल्या असतात. तुमचे आकडे त्यांच्याशी जुळत असतील तर बिघाड नाही, ती दुरुस्ती आजवर कुणी लावलीच नव्हती. सरावलेल्या हाताला थाळीवर चांगल्या धातूच्या सेक्स्टंटने अर्ध्या मिनिटाच्या आत यायला हवं.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही असेल तर किल्ली खाली ठेवा आणि कॉलिमेटर (समांतर किरण देणारं तपासणीचं उपकरण) असलेल्या उपकरण-दुरुस्तीच्या कार्यशाळेत पाठवा: सेक्स्टंट पडलेला आहे, मग बाहेरून कितीही धड दिसो. स्क्रू टोकाला गेला तरी चूक उरते. आर्म कुठे तरी अडतो किंवा पिव्होटवर (फिरायच्या खिळीवर) हलतो. ड्रम फिरतो पण आर्म सरकत नाही. आरशाचा पारा कडेने काळवंडून मध्यापर्यंत आलाय. थाळीवरची चूक कोनाबरोबर एक मिनिटाहून जास्त बदलते आणि प्रमाणपत्राशी जुळत नाही. दुर्बिणीची समांतरता आणि आर्मचा मध्य या दोन गोष्टी घरी करायच्याच नाहीत. अनेक आधुनिक बनावटींत त्यासाठी स्क्रूही दिलेला नसतो.

प्लास्टिकच्या सेक्स्टंटवर एवढा खर्च करण्याआधी नव्याची किंमत विचारा.

पाठवताना आर्म क्लॅम्प करा, पेटीत कुठेही हलणार नाही असं बघा, आणि मूळ प्रमाणपत्र सोबत द्या. आठव्या तपासणीचा तक्ताही जोडा: तारीख, उंची, वापरलेली शेड, निघालेली चूक. "बिघडलाय" एवढंच लिहून पाठवलं तर तिथला माणूसही पहिल्या तपासणीपासूनच सुरू करील, आणि त्याचे पैसे तुम्ही द्याल.